रानातील पहारेकऱ्याची वाणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकता. या वर्षी कार्यकारी मंडळाने, केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म फळ्यासमोर काढलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास बोलण्याची आज्ञा केली. ती मी आदरपूर्वक मान्य केली. विषय मात्र माझा मीच निवडला. ओसाड जागी, माणसाच्या सोबतीवाचून उभी राहणारी जी मापनयंत्रे असतात, त्यांच्यासाठी लहान आणि दणकट अँटेना कशी घडवावी, हा तो विषय. तो ऐकून एका स्नेह्याने विचारले, “मास्तर, हे ज्ञातीच्या मेळाव्यात कशाला?”

त्याचे उत्तर सोपे आहे. आपले वाडवडील तांबे ठोकून हंडे, घंगाळी आणि तपेली घडवीत. तांबे कोठे कठीण होते, कोठे तडकते, कशाने हिरवे पडते, हे त्यांच्या बोटांना कळत असे. आज त्याच तांब्याची वीतभर नळी डोंगराच्या माथ्यावर उभी राहून खालच्या वाडीला पुराची किंवा दरडीची वार्ता देऊ शकते. ज्या धातूने आपल्या शेकडो घरांची चूल पेटती ठेविली, त्याचे हे नवे काम आपण समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम या यंत्रांची ओळख करून घेऊ. डोंगरातील पाऊस मोजणारे, नदीच्या पाण्याची उंची पाहणारे, जमिनीचा कंप टिपणारे किंवा उतारावरील मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब सांगणारे यंत्र घ्या. अशा प्रत्येक यंत्राचे तीन भाग असतात. पहिला भाग मोजणारा. त्यास संवेदक म्हणतात. दुसरा भाग पोटापाण्याचा, म्हणजे बॅटरी आणि तिला भरविणारी सूर्यपट्टी. तिसरा भाग बोलणारा, म्हणजे रेडिओ आणि त्याची अँटेना. पहिल्या दोन भागांचे कौतुक सर्वजण करितात. तिसऱ्याकडे, विशेषतः त्या टोकाच्या तारेकडे, कोणाचे लक्ष जात नाही. पण पहारेकरी कितीही डोळस असला आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला, तर त्याच्या डोळसपणाचा गावाला काय उपयोग?

ही गोष्ट नुसत्या कल्पनेची नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव गाडले गेल्याचे बाहेरच्या जगास प्रथम कळले ते एस. टी. च्या एका चालकामुळे; नेहमीच्या रस्त्याने आलेल्या त्या चालकास गाव जागेवर दिसेना. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांची तीच गत झाली. डोंगर कोसळणे यंत्राने थांबत नाही. परंतु डोंगर बोलत असतो. पाऊस किती झाला, माती किती भिजली, उतार किती सरकला, ही त्याची भाषा. केरळात मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास उतारात खोल नळ्या पुरून, त्यांत पाण्याचा दाब व मातीची हालचाल जाणणारी यंत्रे बसविली आणि ती वार्ता रेडिओने खाली आणिली. डोंगराची भाषा ऐकता येते, हे त्यावरून दिसते. प्रश्न एवढाच, की ती भाषा मुसळधार पावसात, वादळात, अंधाऱ्या रात्री, म्हणजे नेमकी हवी तेव्हा, आपल्यापर्यंत पोहोचेल काय? त्याचे उत्तर पुष्कळ अंशी अँटेनेवर अवलंबून आहे.

आता अँटेना म्हणजे काय ते पाहू. तारेतून वीज वेगाने पुढेमागे धावू लागली, की तिच्याभोवती लहरी उठून दूर जातात. तळ्यात काठी हलविली असता पाण्यावर तरंग उठावे तसाच काहीसा हा प्रकार. तार किती लांब हवी, हे लहरीच्या लांबीवर ठरते. हिशेब सातवीतील मुलासही करता येईल असा आहे: ३०० या संख्येस मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये निघते. तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी उभी काठी आणि तिच्या बुडाशी जमिनीसारखा धातूचा आधार, एवढ्याने उत्तम अँटेना होते. ३० मेगाहर्ट्झला लहर १० मीटरची आणि काठी अडीच मीटरची. भारतात लहान यंत्रांना परवान्यावाचून वापरावयास मोकळा ठेविलेला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर काठी ९ सेंटिमीटरहूनही लहान होते.

लहर लहान केली की यंत्र लहान होते, हे मर्म फार पूर्वी एका भारतीय शिक्षकाने ओळखिले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली तेथील टाउन हॉलमध्ये तारेवाचून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. त्यांच्या लहरी काही मिलिमीटरांपासून अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या आणि त्या पकडण्यासाठी त्यांनी धातूचे नरसाळे लाविले होते. सारे साहित्य मेजावर मावत असे. त्याउलट १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडचा संदेश न्यूफाउंडलंड येथे घेतला, तेव्हा त्यांच्या लांब लहरींसाठी सुमारे १५० मीटर तार पतंगाला बांधून आकाशात चढवावी लागली.

मग सर्वांनी लहान लहरीच का वापरू नयेत? कारण लहान लहर झाडाच्या ओल्या पानांनी लवकर अडते आणि डोंगराच्या कडेला वळसा घालणे तिला फारसे साधत नाही. दाट रानात, दऱ्याखोऱ्यांत लांब लहर अधिक उपयोगी पडते. लांब लहरीला लांब काठी हवी, आणि लांब काठी वादळात टिकत नाही, गुरांना अडते, चोराच्या डोळ्यांवर येते. येथेच घडविणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते.

समजा, ३० मेगाहर्ट्झसाठी अडीच मीटरची काठी परवडत नाही, म्हणून आपण अर्ध्या मीटरची केली. चालेल का? चालेल, पण फुकट नाही. पूर्ण काठी विजेला जणू ३६ ओहमांचे गिऱ्हाईक देते. त्या गिऱ्हाइकाने घेतलेली शक्ती म्हणजेच बाहेर पडणारी लहर. अर्ध्या मीटरच्या काठीत ते गिऱ्हाईक अवघ्या एका ओहमाचे उरते. शिवाय ती आखूड काठी सुरात आणावयास बुडाशी तारेचे वेटोळे घालावे लागते. त्या वेटोळ्याचा स्वतःचा रोध ४ ओहम धरला, तर पाच रुपयांतील चार रुपये वेटोळे तापविण्यात जातात आणि एकच रुपया संदेशाच्या कामी येतो. पूर्ण काठीत तेवढाच तोटा असता, तरी दहातील नऊ रुपये कामी आले असते. सूर्यपट्टीवर जगणाऱ्या आणि आठ-आठ दिवस ढगांखाली राहणाऱ्या यंत्राला ही उधळपट्टी कशी परवडावी?

या अडचणीचे पक्के गणित १९४७ साली हॅरल्ड व्हीलर यांनी आणि १९४८ साली लॅन जेन चू यांनी मांडिले. त्याचा मथितार्थ असा, की लहान आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद पट्टा ही तिन्ही सुखे एका अँटेनेच्या नशिबी एकदम येत नाहीत. तोटा न वाढविता, आधीच लहान असलेल्या अँटेनेचा आकार निम्मा केला, तर ज्या पट्ट्यात ती नीट बोलते तो पट्टा सुमारे एक-अष्टमांशावर येतो. म्हणजे ती तंबोऱ्याच्या फार ताणलेल्या तारेसारखी होते. किंचित काही झाले की सूर ढळतो.

आणि सूर ढळविणारे निमित्त कोणते? पाऊस! पाण्यात रेडिओची लहर आखडून हवेतील लांबीच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकी होते. त्यामुळे अँटेनेवर पाण्याचा नुसता पापुद्रा चढला, तरी तिला आपण लांब झालो असे वाटू लागते आणि तिचा सूर खाली उतरतो. मोठ्या, रुंद पट्ट्याच्या अँटेनेस त्याचे काही वाटत नाही. चिमुकल्या, अरुंद पट्ट्याचीचा मात्र आवाज बसतो. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तम बोललेले यंत्र पहिल्याच मुसळधार सरीत का गप्प होते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून दणकटपणा म्हणजे केवळ न मोडणे, असे समजू नये. भिजूनही सूर न सोडणे हाच या अँटेनेचा खरा दणकटपणा होय.

यावर उपाय आहेत. सर्व वेटोळे बुडाशी न घालता काठीभर पसरावे. पूर्वीच्या पोलिसांच्या वायरलेस संचावर रबरात मढविलेली जी आखूड लवचीक काठी दिसे, तिच्या पोटात असेच लांबट वेटोळे असते. काठीच्या माथ्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या आडव्या तारा जोडाव्या. त्यामुळे विजेचा प्रवाह टोकापर्यंत भरून राहतो आणि तेवढ्याच उंचीत अधिक काम होते. बुडाशी तीन-चार आडव्या तारांचा आधार द्यावा. वरून काचतंतूचे आवरण घालावे, पण ते धातूला चिकटून नसावे. मध्ये हवेचे अंतर ठेवावे, म्हणजे पाण्याचा पापुद्रा धातूपासून दूर राहतो. माथा निमुळता करावा, म्हणजे पाणी ओघळून जाते. या आवरणास चंदेरी रंग कधीही देऊ नये. त्या रंगात धातूची पूड असते आणि लहरीच्या वाटेत धातूचा पडदा उभा राहतो. शोभेसाठी पहारेकऱ्याचे तोंड बांधावे, तसा तो प्रकार होईल.

एवढ्या लहान आकारात दणकटपणा कोठवर नेता येतो, याचे एक उदाहरण युद्धाच्या इतिहासात आहे. १९६७ च्या अखेरीपासून १९७३ पर्यंत अमेरिकेने लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर विमानांतून जमिनीचा कंप ओळखणारे संवेदक टाकिले. ते भाल्यासारखे जमिनीत रुतून बसत. वर दिसे ती केवळ अँटेना, आणि तिला रानातील रोपट्याचा आकार दिलेला असे. शेकडो मीटरांवरून आदळल्यावरही तिने उभे राहावयाचे, भिजावयाचे आणि बॅटरी संपेपर्यंत बोलत राहावयाचे. वर घिरट्या घालणारे विमान तो संदेश पकडून थायलंडमधील नाखोन फानोम येथील केंद्रास देई, आणि मग बॉम्ब पडत. कारागिरी म्हणून ती नावाजण्याजोगी, पण तिचा हेतू माणसे मारण्याचा होता. तेच ज्ञान आज डोंगराखालच्या वाडीत निजलेल्या मुलाबाळांच्या रक्षणास लागावे, यात मला विद्येचे सार्थक वाटते.

आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे, तर हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांचे घेता येईल. ही केंद्रे अंतराअंतरावर उभी असून पाऊस, वारा, उष्णता व आर्द्रता मोजतात. त्यांतील अनेकांसाठी इन्सॅट मालिकेतील उपग्रहांकडे ४०२.७५ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवावयाची योजना झाली, आणि उपग्रहाने परतविलेला संदेश घेण्याचे केंद्र आपल्या पुण्यात उभारले गेले. या कंपनसंख्येला लहर सुमारे ७४ सेंटिमीटरची, म्हणजे चौथा हिस्सा अवघा १९ सेंटिमीटरांच्या आत. पण उपग्रह ३६,००० किलोमीटरांवर! तेथवर थोड्या शक्तीने हाक पोहोचवावयाची, तर आवाज एका दिशेस एकवटला पाहिजे. त्यासाठी जपानातील तोहोकू विद्यापीठाच्या उदा आणि यागी यांनी १९२६ साली पुढे आणिलेली, एकामागे एक आडव्या सळयांची रचना वापरतात. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर आपल्या छपरांवर ज्या सळया आल्या आणि ज्यांवर कावळे बसत, त्या याच घराण्यातील. उपग्रहासाठी सळयांच्या दोन जोड्या एकमेकींस काटकोनात बसवितात, म्हणजे वाटेत लहरीचा पीळ फिरला तरी संदेश हरवत नाही.

परंतु एकवटलेल्या आवाजाला एक पथ्य असते: तोंड नेमक्या दिशेस हवे. वाऱ्याने खांब फिरला, माकडाने सळईला लोंबकळून ती वाकविली, की हाक भलतीकडे जाते. म्हणून जेथे जवळच्याच केंद्रापर्यंत संदेश न्यावयाचा, तेथे सर्व दिशांस सारखी बोलणारी उभी काठी बरी; आवाज थोडा मंद, पण दिशा चुकण्याची धास्ती नाही. काठी मात्र शक्य तितकी उंच ठेवावी. जमिनीलगत चालणाऱ्या लांबच्या संदेशात एका टोकाची उंची दुप्पट केली, की पलीकडे मिळणारी शक्ती साधारण चौपट होते. एक मीटर जादा बांबू पुष्कळदा महागड्या रेडिओहून अधिक काम देऊन जातो.

आता वाऱ्याचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी १४४ किलोमीटरांच्या वादळात समोर आलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलोंचा भार पडतो. यावर मात करण्याचे दोन मार्ग: वाकावे किंवा वाऱ्याला वाट द्यावी. काठीच्या बुडाशी स्प्रिंग घातली, तर ती वेतासारखी वाकून पुन्हा सरळ होते. वाट देण्याचा थोर नमुना जुन्नर तालुक्यातील खोडदला आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे आणि भोवतालच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्या भरीव पत्र्याच्या न करिता तारेच्या जाळीच्या केल्या. जाळीची भोके लहरीच्या मानाने फार लहान, त्यामुळे लहरीस ती भिंत. वाऱ्याला मात्र दार उघडे. आपला विषय लहान अँटेनेचा असला, तरी युक्ती तीच. बारीक काठीला आणखी एक उपद्रव असतो. मंद वाऱ्यातही ती गुणगुणू लागते आणि वर्षानुवर्षे थरथरून बुडाशी थकते. मोटारीच्या छपरावरील काठीभोवती नागमोडी तार गुंडाळलेली पुष्कळांनी पाहिली असेल. ती शोभेसाठी नसते. वाऱ्याचे भोवरे तालात सुटू नयेत, यासाठी ती योजना असते.

विजेचेही भय मोठे. जवळपास वीज पडली, तरी तारेत दाब उसळून रेडिओ जळतो. त्यासाठी अँटेनेचा धातू अशा रीतीने जमिनीस जोडता येतो, की साध्या साठलेल्या विजेस थेट खाली वाट मिळते आणि रेडिओच्या वेगवान लहरीला मात्र ती वाट बंद भासते. शिवाय केबलच्या तोंडाशी वीज-रोधक बसवावा. हा खर्च कोणास अनाठायी वाटल्यास त्याने एका जळालेल्या यंत्राची किंमत विचारून घ्यावी.

यापुढचा भाग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी मी ज्या शाळेत होतो, तिच्या पटांगणाच्या कोपऱ्यात पाऊस मोजणारे असे एक यंत्र बसविले होते. दोन पावसाळे ते चांगले चालले. तिसऱ्या वर्षी आषाढात झोड उठली आणि ऐन तेव्हाच ते गप्प झाले. पाऊस उघडल्यावर दुरुस्तीस आलेल्या तरुणाने सारे तपासले. मोजणारा भाग ठीक, बॅटरी ठीक. शेवटी त्याने अँटेनेची केबल सांध्याजवळ कापली. आतील तांब्याच्या जाळीवर हातभर अंतरापर्यंत हिरवा जंगाल चढला होता! सांध्यावर गुंडाळलेली साधी चिकटपट्टी उन्हाने सुटली, पाणी आत शिरले आणि वातीत तेल चढावे तसे जाळीतून पुढे चढत गेले. पाऊस मोजण्यासाठी ठेविलेल्या यंत्राचा घसा पावसानेच धरला. त्या तरुणाने नवा सांधा जोडून त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळली आणि केबलला यंत्रात शिरण्यापूर्वी खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते. उपाय काही रुपयांचा. पण तो नसल्यामुळे त्या खोऱ्यातील सर्वांत मोठ्या पावसाची नोंद कोणाच्याही हाती पडली नाही.

हिरवा जंगाल आपल्या घराण्यांस नवा नाही. त्यावरचा आपला पिढीजात तोडगा कल्हई. तो अँटेनेसही चालतो का? येथे एक मौजेची गोष्ट आहे. वेगाने पुढेमागे धावणारी वीज धातूच्या पोटात शिरत नाही; ती केवळ कातडीवरून वाहते. ४०० मेगाहर्ट्झला तांब्यात ती मुख्यत्वे एका मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतक्या जाडीत वाहते. म्हणून पोकळ नळी भरीव सळईइतकेच काम देते, आणि वजनात हलकी राहते. म्हणूनच वरचा मुलामा फार महत्त्वाचा ठरतो. चांदीचा मुलामा उत्तम, कारण चांदी तांब्याहूनही चांगली वाहक. कल्हईचे कथील मात्र विजेला तांब्याच्या सुमारे सातपट अडविते. पूर्ण लांबीच्या काठीत तो तोटा जाणवत नाही. तेथे जंगालापासून रक्षण करणारी कल्हई खुशाल द्यावी. पण आखूड काठीच्या वेटोळ्यात, जेथे एकेका ओहमाचा हिशेब आहे, तेथे स्वच्छ तांबे किंवा चांदीचा मुलामा ठेवून वर आवरण घालावे. आतील विजेची आणि बाहेरच्या हवेची, अशा दोन्ही मागण्या जाणणारा कारागीरच हा निवाडा करू शकेल.

मठारकामाचेही तसेच. आपल्या तांबट आळीत हंड्यावर हातोडीचे जे चांदणे उमटते, ते नक्षी म्हणून लोक वाखाणतात. पण ठोकल्याने तांबे कठीण व ताठ होते, हे त्यातील खरे शास्त्र. तीच नळी झाळण्यासाठी लाल तापविली, की पुन्हा मऊ पडते. वाऱ्यात उभी राहावयाची नळी सांध्यापाशी मऊ राहिली, तर तेथेच वाकणार. म्हणून सांधा कमी आचेवर व्हावा, किंवा त्यास बाहेरून आधार द्यावा. तांब्यास ॲल्युमिनियम थेट जोडू नये. ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. आवरणाच्या तळाशी एक बारीक भोक ठेवावे, कारण कितीही बंद केले तरी दमट हवा आत शिरते, रात्री तिचे पाणी होते, आणि त्या पाण्यास बाहेर पडावयास वाट हवी. हे सारे नियम पुस्तकात सापडतील. पण ते हाताला ठाऊक असलेली माणसे आपल्या ज्ञातीत आजही आहेत.

अँटेना घडल्यावर ती पारखून घ्यावी. मडके वाजवून घ्यावे, तसे तिचे वाजविणे म्हणजे तिच्याकडे पाठविलेली शक्ती किती परत येते हे पाहणे. पूर्वी यास मोठी प्रयोगशाळा लागे. आता तळहातावर मावणारी मापके मिळतात. परीक्षा कोरडी असताना घ्यावी, झारीने पाणी ओतीत घ्यावी, उन्हात तापवून घ्यावी, मिठाच्या पाण्याने भिजवून काही आठवडे ठेविल्यावर घ्यावी, आणि शेवटी जेथे उभी करावयाची त्याच खांबावर घ्यावी. जवळचा लोखंडी खांब, कुंपणाची तार, खुद्द सूर्यपट्टी, हे सारे शेजारी तिचा सूर बदलतात. कोरड्या खोलीत पास झालेल्या अँटेनेस मी तरी प्रमाणपत्र देणार नाही. परीक्षा पाटावर न घेता पुरात घ्यावी, हे पोहणाऱ्याइतकेच तिलाही लागू आहे.

आता आपल्या मंडळींस माझी तीन नम्र मागणी आहेत.

पहिली, गावाकडे राहणाऱ्यांस. आपल्या शिवारात, शाळेच्या पटांगणात, धरणाच्या काठी कोठे असे यंत्र दिसले, तर ते सरकारी म्हणून परके मानू नका. त्याच्या खांबास गुरे बांधू नका, तारेवर कपडे वाळत घालू नका, मुलांना त्यावर नेम धरू देऊ नका. वेल चढली असेल, काठी कलली असेल, केबल लोंबत असेल, तर संबंधितांस कळवा. तो पहारेकरी आपलाच आहे.

दुसरी, विद्यार्थ्यांस. भौतिकशास्त्र गुणांपुरते वाचू नका. बोसांनी मेजावर मावणाऱ्या साहित्यातून जगाला दाखवून दिले. आज ८६५ मेगाहर्ट्झचा लहानसा रेडिओ एका विद्यार्थ्याच्या खर्चात येतो. नऊ सेंटिमीटर तांब्याची तार घ्या, ती कापा, मोजा, भिजवा, पुन्हा मोजा. दोन-चार महिन्यांत तुम्ही जे शिकाल, ते माझ्या या तासाभराच्या बोलण्यातून मिळणार नाही.

तिसरी, आपल्या कारखानदार व कारागीर बांधवांस. स्टेनलेस स्टीलने आणि प्लॅस्टिकने आपला हंडा बाजारातून मागे सारला, हे दुःख प्रत्येक घरी आहे. मी खोटी आशा दाखविणार नाही. डोंगरावरच्या अँटेना घडवून साऱ्या ज्ञातीचा संसार चालेल, असे मुळीच नाही. परंतु आपल्यापैकी चार तरुण अभियंते आणि चार मुरलेले कारागीर एका बाकावर बसले, तर सह्याद्रीच्या पावसास टिकेल अशी अँटेना सह्याद्रीच्याच पायथ्याशी तयार होऊ शकेल. परदेशातून आलेली अँटेना बहुधा परदेशच्या हवेसाठी घडविलेली असते. आपला आषाढ, आपली माकडे आणि आपली खारी हवा आपल्यालाच ठाऊक.

हंडा घडविणारा आपला पूर्वज त्यात पाणी ओतून, तो पालथा करून, बोटाने वाजवून पाहिल्यावाचून गिऱ्हाइकास देत नसे. गळका हंडा दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येई. गळक्या सांध्याच्या अँटेनेचे गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. ते डोंगराखाली निजलेले असेल. म्हणून या कामात हात अधिक जपून चालला पाहिजे.